समुद्रबंगल्याची दक्षिणेकडील खोली

समुद्रबंगला ज्या दिवशी पाडण्यात आला, त्या दिवशी मी सकाळी सहा वाजल्यापासून तेथे उपस्थित होतो. जेसीबी तिवस्याहून यावयाचा होता, तो साडेनऊला आला. मार्च महिना असल्यामुळे धरणाचे पाणी बरेच मागे हटले होते व उघड्या पडलेल्या गाळाला भेगा गेल्या होत्या. शाखा अभियंता साहेब छत्री घेऊन बाभळीखाली उभे होते. उत्तरेकडील भिंत तडकलेली आहे, ती आपोआप पडेल, तेव्हा प्रारंभ तिकडूनच कर, असे त्यांनी चालकाला सांगितले.

ती भिंत आपोआप पडली नाही. लोखंडी दात लागला की तिने थोडे हलावे आणि पुन्हा उभे राहावे, असे तासभर चालले. शेवटी साहेबांनी कंटाळून चालकास दुसऱ्या बाजूने जाण्यास फर्मावले. त्याने यंत्र वळवून दक्षिणेकडील खोलीच्या कोपऱ्याला केवळ स्पर्श केला, आणि त्या खोलीचे संपूर्ण छत एकाच वेळी खाली आले. धूळ बसायला बराच वेळ लागला. साहेब रुमालाने चष्मा पुसत म्हणाले, "बरं झालं, आत कुणी नव्हतं." चालक हसला.

मला हसू आले नाही. त्या खोलीत तीन वर्षांहून अधिक काळ गावातील मुली दररोज अभ्यासास बसत होत्या, आणि ती खोली मजबूत आहे असे त्यांना मीच सांगितले होते.

ही गोष्ट मी चार महिने मनात ठेवली. ती मला का सांगावी लागली हे कळण्यासाठी अगोदर या इमारतीची हकीकत सांगणे आवश्यक आहे. ती माझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला सबंध ठाऊक नाही.

माझे नाव चंद्रभान. शिक्षण सातवी. धरण विभागात प्रथम रोजंदारीवर व नंतर कायम असा चौकीदार म्हणून मी नोकरी केली आणि त्या नोकरीचा जवळजवळ सर्व काळ याच एका इमारतीच्या पायरीवर गेला. मी एकोणीस वर्षांचा असताना ती उभी राहिली. तेव्हा धरणाचे काम चालू होते आणि ती सिमेंटची कोठी होती. सिमेंटला ओल चालत नाही, म्हणून तिचे जोते कमरेइतके उंच आणि खिडक्या अगदी छताजवळ, हातभर रुंदीच्या. त्या कोठीत मी पाठीवरून पोती वाहिली. धरण पूर्ण झाले, आमचे जुने गाव पाण्याखाली गेले, आम्ही वरच्या माळावर पुनर्वसनात आलो, तरी त्या भिंतींच्या सांध्यांतून पुढे वर्षभर करडी भुकटी गळत होती.

मग पाणी भरले. ते इमारतीपासून सत्तर पावलांवर येऊन थांबले. विभागाला वाटले की एवढी चांगली जागा वाया का घालवावी, म्हणून तिचे विश्रामगृह करण्यात आले. खिडक्या खाली उतरवल्या, समोर ओटा केला, आणि दक्षिण बाजूस साहेबांच्या निजण्यासाठी एक जादा खोली जोडण्यात आली. ती खोली एका ठेकेदाराने उन्हाळ्याच्या दीड महिन्यात उरकली. मी तेव्हा तरुण होतो व मला असे वाटले की इतर भिंती जुन्या आणि ही नवी, म्हणजे ही अधिक टिकाऊ. हा समज माझ्या मनात जो बसला, तो शेवटपर्यंत गेला नाही.

रत्नागिरीकडचे एक वयस्क साहेब त्या काळी महिन्यातून दोनदा मुक्कामास येत. संध्याकाळी ते ओट्यावर येरझारा घालीत आणि म्हणत, वारा अगदी आमच्या गावच्या समुद्रासारखा आहे, फक्त खारा वास तेवढा नाही. समुद्र आमच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता. तथापि तेव्हापासून लोक त्या इमारतीस समुद्रबंगला म्हणू लागले, आणि पुढे तिचे काहीही झाले तरी हे नाव गेले नाही.

पुनर्वसनात शाळेची इमारत वेळेवर झाली नाही, तेव्हा तीन वर्षे चार वर्ग समुद्रबंगल्यात भरले. पहिलीची मुले साहेबांच्या जेवणाच्या टेबलाखाली बसत, कारण टेबल बाहेर काढण्याची परवानगी नव्हती. माझा मुलगा विपुल, जो आज अकोल्यास एमआयडीसीत कामाला आहे, तो त्याच टेबलाखाली बाराखडी शिकला. शाळा गेल्यावर मच्छीमारांच्या सोसायटीने जाळी व बर्फाच्या पेट्या ठेवल्या. तो वास इतका मुरला की नंतर तेथे एक लग्न झाले, त्या पंगतीतल्या वरणालाही तो येत होता. वराकडील मंडळींनी त्याबद्दल बोलून दाखवले, वधूकडील मंडळी वाढत राहिली. मतदान तेथे चार वेळा झाले. एका वर्षी अतिवृष्टीत खालच्या वस्तीतील माणसे अकरा दिवस राहिली. कौंडण्यपूरच्या यात्रेला पायी जाणारे दमलेले लोक ओट्यावर दुपारी पाठ टेकीत. या सर्वांना दार मी उघडून दिले. कोणाचे नाव लिहून ठेवले नाही.

कोरोनाच्या वर्षी पुण्या-मुंबईहून परत आलेल्या लोकांना चौदा दिवस तेथे वेगळे ठेवण्यात आले. त्यांत पंजाबराव नावाचा एक रंगारी होता. आपल्या हातांना काम नाही म्हणून झोप येत नाही, असे तो दुरूनच सांगत असे. मी त्याला चुन्याचे पोते व ब्रश पायरीवर ठेवून दिला. त्याने सर्व भिंती आतून इतक्या मन लावून रंगवल्या की समुद्रबंगला पुन्हा नवा दिसू लागला. चुन्याखाली काय काय झाकले गेले, याचा विचार त्याने केला नाही आणि मीही केला नाही.

पुढच्या पावसाळ्यात उत्तरेकडील भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. साहेब येऊन पाहून गेले आणि इमारत धोकादायक असल्याचा फलक लागला. पुढच्या दाराला कुलूप लावावे, कोणासही आत सोडू नये, आणि दर सोमवारी तशी चिठ्ठी तिवस्याच्या कार्यालयात पाठवावी, असा मला आदेश झाला.

तो फलक लागून महिना झाला नसेल, तेव्हा पायल आली. ही आमच्या गावातील पंचफुलाबाईची मुलगी. पंचफुलाबाई बौद्ध वस्तीत राहतात आणि शेतमजुरीला जातात. घर एका खोलीचे. त्यात माणसे सहा, शेळ्या तीन आणि एक टीव्ही. पायल बारावी झाली होती व पोलीस भरतीचा अभ्यास करीत होती. मी सकाळी गेलो तेव्हा ती फलकाच्या बरोबर खाली पोते अंथरून बसली होती. फलक वाचता येत नाही काय, असे मी तिला विचारले.

"वाचला ना आबाजी," ती म्हणाली. "त्यात आत जाऊ नका म्हून लिवलं हाय. मी त बाहेर बसतो."

मी तिला दोन दिवस बाहेर बसू दिले. तिसऱ्या दिवशी पाऊस आला.

आता पुढील गोष्ट मी शक्य तितकी सरळ सांगतो. इमारतीला मागे, पाण्याच्या बाजूस, एक दार होते. ते मी उघडले. उत्तरेकडील खोल्यांच्या तोंडाशी मी आडवी बाज लावली आणि मुलींना फक्त दक्षिणेकडील खोलीत बसवले. साहेबलोकांकडून मी एक रीत शिकलो होतो : तड्यावर काचेची अरुंद पट्टी सिमेंटने आडवी चिकटवावयाची, भिंत केसभर हलली तरी काच तडकते. तशा पाच पट्ट्या मी उत्तरेकडील भिंतीवर लावल्या व दररोज सकाळी मुली येण्यापूर्वी त्या पाहिल्या. दक्षिणेकडील खोलीत एकही लावली नाही. तेथे भेग दिसतच नव्हती.

प्रथम पायल एकटी होती, नंतर पाच झाल्या, नंतर नऊ. त्यांत सरपंच खुशालरावांची पुतणी आकांक्षासुद्धा होती. घरी त्यांना बसू देत नसत असे नाही. परंतु बसल्या की कोणीतरी हाक मारी. येथे कोणी हाक मारीत नसे. दुपारी त्या आपापल्या भाकरी सोडीत आणि एकमेकींच्या भाज्या खात. दोघी नर्सिंगला लागल्या, एक वनरक्षक झाली. पायलचे दोन वेळा थोडक्यासाठी राहिले.

आणि दर सोमवारी मी बसच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी देत होतो. "इमारत बंद आहे. कुलूप सुस्थितीत आहे." पहिल्या चिठ्ठीच्या वेळी माझा हात थांबला. कुलूप खरोखर सुस्थितीत होते, असे म्हणून मी मनाची समजूत घातली. दहाव्या चिठ्ठीच्या वेळी हात थांबला नाही. अशा एकशे सत्तरहून अधिक चिठ्ठ्या माझ्या अक्षरात कार्यालयात जमा झाल्या.

एकदा, पाडण्याच्या आधीच्या जानेवारीत, तिसरी काच तडकलेली आढळली. मी मुलींना काही न सांगता आठ दिवस सुट्टी दिली, नवी काच लावली, ती आठ दिवस टिकली, तेव्हा पुन्हा दार उघडले. सुट्टी कशाची, असे त्यांनी विचारले. मी साप निघाल्याचे सांगितले.

मार्चमध्ये इमारत पाडली गेली. मुली काही दिवस शाळेच्या व्हरांड्यात बसल्या, तेथून समाजमंदिरात गेल्या, तेथे पत्ते खेळणारे आले. मे महिन्यात त्या पांगल्या. मग जूनमध्ये पायलने मोबाईलवर एक शासकीय आदेश शोधून काढला आणि तिवस्याहून त्याची प्रत काढून आणली. त्यात असे होते की, विभागाने पाडलेल्या इमारतीत जर सलग तीन वर्षे अभ्यासिका चालू असेल, तर विभागाने तेवढीच अभ्यासिका त्याच जागेवर बांधून द्यावी. वापर सिद्ध झाला पाहिजे, एवढी अट होती. नऊ मुलींनी अर्ज केला. साक्षीदार म्हणून त्यांनी माझे नाव लिहिले. मला त्यांनी विचारले नव्हते. विचारावे असे त्यांना वाटलेच नव्हते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पंचनामा ठरला. त्याच्या आदल्या दिवशी खुशालराव माझ्या घरी आले. ते कधी येत नाहीत. त्या जागेवर नौकाविहाराची तिकीट खिडकी व्हावी, अमरावतीचे लोक सुट्टीत येतील, गावाला काहीतरी मिळेल, असे त्यांनी पुष्कळ सांगितले. त्यात खोटे काही नव्हते. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी कप खाली ठेवला आणि मुद्द्यावर आले.

"चंदरभान, तुले कोनी खोटं बोलाले सांगून नाई राह्यलं. तुह्या चिठ्ठ्या फायलीत हाय. बंद म्हून तूच लिवून देलं. उद्या तेच सांग. रिटायर व्हाले सात महिने राह्यले तुहे. हार घ्याचा का नोटीस घ्याची, तुह्यं तू पाह्य."

मी म्हणालो, "भाऊ, आकांक्षाही तिथं बसत होती."

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "म्हून त सांगून राह्यलो. कायले पोरीचं नाव कागदावर आनतं?"

विपुलला अकोल्यास फोन केला तर त्यानेही तेच सांगितले. तेहतीस वर्षांच्या नोकरीत एक मेमो नाही, आणि आता कोणासाठी हे ओढवून घेता, असे तो म्हणाला. मुली दुसरीकडे बसतील. तो वाईट बोलला नाही. बापाची काळजी करणारा मुलगा जे बोलतो तेच बोलला.

संध्याकाळी केशरबाई, माझी पत्नी, चुलीपाशी भाकरी थापीत होती. मी तिला चिठ्ठ्यांबद्दल सांगितले, ते तिला ठाऊकच होते. मग छताबद्दल सांगितले. ते तिला ठाऊक नव्हते. तव्यावरची भाकरी करपू लागली तेव्हा तिने ती उलटली.

खोलीचा विषयच न काढता साक्ष देता येईल काय, असे मी तिला विचारले. मुली इमारतीत बसत होत्या, एवढेच सांगावयाचे.

"मंग साहेब पुसन का कोन्त्या खोलीत," ती म्हणाली. "तवा काय सांगसान? साप निंगाला म्हून?"

जेवण वाढताना ती म्हणाली, "पोट्ट्या जित्या हाय म्हून तुमाले हे सुचून राह्यलं. एखादी मेली असती त कोनाले इचारत बसले असते?"

पंचनाम्यास समुद्रबंगल्याच्या उरलेल्या जोत्यावर ताडपत्री बांधली होती. पाणी वाढू लागले होते आणि वारा सुटला होता. शाखा अभियंता साहेबांसमोर प्लास्टिकचे टेबल व त्यावर दगड ठेवलेली फाईल. पंच पाच होते. त्यांत खुशालराव होते आणि मुलींच्या पालकांतर्फे पंचफुलाबाई. मुली जोत्याच्या कडेला रांगेने बसल्या होत्या. पायलने आपली वही आणली होती, जणू तेथेही अभ्यास करावयाचा होता.

साहेबांनी फाईल उघडून माझ्या चिठ्ठ्या काढल्या. त्या सुतळीने बांधलेल्या होत्या. त्यांनी त्यातल्या दोन-तीन मोठ्याने वाचल्या. सर्वांत तेच होते. नंतर त्यांनी मला विचारले की, हे अक्षर तुमचेच ना? मी होय म्हणालो. मग मुली आत बसत होत्या असे अर्जात आहे, ते खोटे धरायचे काय?

मी सांगितले की अर्ज खरा आहे, आणि मागचे दार, बाज, काचेच्या पट्ट्या, सर्व क्रमाने सांगितले. तडकलेली काच व सापसुद्धा. मुलींपैकी कोणीतरी हळूच हसले. साहेबांनी लिहून घेतले. ते रागावले नव्हते. अनेक गावांत अनेक पंचनामे केलेल्या माणसाचा जो थकवा असतो तोच त्यांच्या चेहऱ्यावर होता.

"चंद्रभान, मग दर आठवड्याला बंद असं का लिहीत होतात?"

"साहेब, उघडी आहे म्हणून लिहिलं असतं, तर तुम्ही येऊन बंद केली असती."

साहेबांनी हे वाक्य लिहिले नाही. त्यांनी पेन टेबलावर दोनदा आपटले आणि विचारले की मुली नेमक्या कोणत्या खोलीत बसत होत्या. वापराची जागा चौरस फुटांत नोंदवायची असते.

केशरबाईने सांगितले होते, तसेच झाले. मी पाण्याकडे पाहिले. पाण्यातून काही मदत येण्यासारखी नव्हती.

"दक्षिणेकडील खोलीत," मी म्हणालो.

साहेबांचे पेन थांबले. "दक्षिणेकडची? म्हणजे ती—" त्यांनी मुलींकडे पाहिले आणि त्यांना पुढे बोलवेना. परंतु पंचफुलाबाई टेबलाच्या अगदी जवळ बसलेल्या होत्या. त्यांनी साहेबांना नव्हे, मला विचारले.

"काय झालं होतं त्या खोलीले, भाऊ?"

खुशालरावांनाही ते ठाऊक नसावे; तेही माझ्याकडे पाहू लागले. तेव्हा मी सांगितले. तडकलेली भिंत यंत्राने तासभर पडली नाही आणि ही खोली नुसता हात लागताच खाली आली. तिचे छत कधीचे सुटलेले होते, वरून चुना होता, मला ते कळले नाही. नवी बांधलेली म्हणून ती मजबूत, असे मी समजत होतो. काचा मी चुकीच्या भिंतीला लावल्या होत्या. तीन वर्षे मी रोज सकाळी चुकीची भिंत तपासून या पोरींना त्या छताखाली बसवत होतो.

हे सर्व मी पुस्तकी भाषेत बोललो नाही. जसे तोंडातून आले तसे बोललो. आकांक्षा आपल्या काकांकडे पाहत होती व काका जमिनीकडे. पायलने वही मिटली.

पंचफुलाबाईंनी पदराने तोंड पुसले. त्यांचे बोलणे फार हळू होते.

"मार्चात मालूम झालं तुमाले. आता जुलै हाय."

मी होय म्हणालो.

"मी तुमच्या घरापुढून रोज वावरात जातो. रोज तुमी राम राम करता."



साहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले की, साक्षीदाराचे कथन नोंदवले आहे. परंतु या कथनाला चिठ्ठ्यांचा विरोध आहे, म्हणून पंचांनी आपल्या माहितीने वापर होता किंवा नव्हता हे सांगून सही करावी. साक्षीदाराविरुद्ध जो अहवाल पाठवावा लागेल तो वेगळा. तो त्यांना पाठवावाच लागेल. त्यांनी हे माझ्याकडे न पाहता सांगितले.

सरपंच म्हणून कागद प्रथम खुशालरावांपुढे गेला. आदल्या दिवशी ते जे बोलले होते ते मला आठवत होते, त्यांनाही आठवत असणार. त्यांनी चष्मा लावला, काढला, आणि न वाचताच वापर होता या रकान्यासमोर सही केली. कशासाठी केली हे मला आजही निश्चित सांगता येत नाही. पुतणीच्या डोक्यावरचे ते छत त्यांच्या डोळ्यांसमोर आले असावे. इतर तिघांनी त्यांचे पाहून केली.

पंचफुलाबाईंनी मात्र तो कागद पायलकडून पूर्ण वाचून घेतला, माझे कथन धरून. मग त्यांनी सावकाश, एकेक अक्षर काढून सही केली. उठताना त्या मला म्हणाल्या, "पोरीले खोली पाह्यजे म्हून सही केली भाऊ. तुमच्यासाठी नाई केली."

अर्ज मंजुरीसाठी वर गेला. वापर सिद्ध झाला असे साहेबांनी शेरा लिहिला व खोली पुढील आर्थिक वर्षात होईल असे तोंडी सांगितले. पायलची परीक्षा येत्या ऑक्टोबरमध्ये आहे. म्हणजे खोली झाली तरी तिच्या कामाची नाही. हे तिला सांगावे लागले नाही. आदेश तिनेच वाचलेला होता.

मला नवव्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली, आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावर येऊ नये असेही पत्र आले. ते वाचून मला पहिल्यांदा काही वाटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच वाजता सवयीने जाग आली, डबा घेण्यासाठी हात लांबवला, आणि मग जेथल्या तेथे बसून राहिलो.

केशरबाईने त्याच दिवशी ओसरीतली सोयाबीनची पोती आत ओढली व सडा घातला. येथे येऊन बसा असा निरोप मुलींना मीच दिला होता, येतील की नाही याची खात्री नव्हती. पहिल्या दिवशी चार आल्या. एकमेकींना पाठ टेकून बसल्या आणि पुटपुटत वाचू लागल्या. घरातला माणूस समोर बसला की पोरी मोकळ्या होत नाहीत, असे म्हणून केशरबाईने मला बाहेर घालवले. मी बस थांब्यावर जाऊन बसलो. दर्यापूरहून नागपूरला जाणारी गाडी आली, कोणी उतरले नाही. आकांक्षा तिसऱ्या दिवशी आली. पायल आली नाही. तिच्याविषयी मी कोणाला विचारले नाही.

पाचव्या दिवशी दुपारी मी थांब्यावरून परतलो तेव्हा पंचफुलाबाई ओसरीत उभ्या होत्या. निंदणाहून सरळ आल्या होत्या. हातात विळा, पायांना काळा चिखल. पायल अंगणात, उंबऱ्याच्या बाहेर, दप्तर घेऊन थांबली होती. आत बसलेल्या मुलींनी वाचणे बंद केले होते.

पंचफुलाबाई ओसरीच्या पहिल्या खांबापाशी गेल्या आणि विळ्याच्या मुठीने त्याला ठोकून पाहिले. कान लावून आवाज ऐकला. मग दुसरा, मग तिसरा. आढ्याकडे मान वर करून बराच वेळ पाहिले. केशरबाईने त्यांना स्टूल आणून दिले. त्या चढल्या व छताखालची प्रत्येक लाकडी बल्ली हाताने दाबून पाहू लागल्या. एका बल्लीतून भुसा खाली गळला. त्यांनी तो तळहातावर घेतला आणि मला दाखवला.

"हे बल्ली किती वर्साची हाय?"

"घर बांधलं तेव्हाची," मी म्हणालो.

"बदला हे," त्या म्हणाल्या व स्टुलावरून उतरल्या.

पायल तोपर्यंत अंगणातच पोते अंथरून बसली. पंचफुलाबाईंनी तिला तेथे बसू दिले.

मी डोक्याला रुमाल बांधला. नवी बल्ली तिवस्यालाच मिळते, आणि साडेतीनची गाडी निघायला अजून दहा मिनिटे होती.